एका रस्त्याचा हिशेब कसा मागावा

‘सगळेच खातात’ हे वाक्य पारावर, एसटीत, लग्नाच्या मांडवात रोज कानावर येते. पण या वाक्याला कुठल्याच कार्यालयात आवक क्रमांक मिळत नाही. ‘शाळेपासून मारुतीच्या देवळापर्यंतच्या काँक्रीट रस्त्याची जाडी अंदाजपत्रकात १५ सेंटिमीटर आहे, जागेवर ती ११ भरते’ असे लिहून दिले, तर आवक क्रमांकही मिळतो आणि त्याचे सहीनिशी उत्तर देणे कोणाला तरी भाग पडते. राग दोन्ही वाक्यांत सारखाच आहे. पण दुसरे वाक्य लिहिण्याआधी कोणीतरी टेप घेऊन उन्हात उभे राहिलेले असते.

ते दुसरे वाक्य कसे लिहायचे, ते इथे सांगतो. सुरुवातीला एकच पथ्य पाळा. सगळ्या तालुक्याचा भ्रष्टाचार बाहेर काढायला निघू नका, एक काम धरा. ते लहान असावे, गेल्या वर्ष-दीड वर्षात झालेले असावे आणि शक्यतो तुमच्या रोजच्या पायाखालचे असावे. गल्लीतला रस्ता, गटार, अंगणवाडीची खोली, समाजमंदिराचे शेड, पाण्याची टाकी, यांतले काहीही चालेल. शंभर कामांची वरवरची माहिती गोळा करणारी माणसे वर्षभरात थकतात. एका कामाचा शेवटपर्यंत माग काढणाऱ्याला पुढची दहा कामे नुसत्या नजरेने ओळखता येतात.

कामाच्या जागी माहिती फलक असेल तर आधी त्याचा फोटो काढा. योजनेचे नाव, मंजूर रक्कम, ठेकेदार, काम सुरू झाल्याची आणि संपल्याची तारीख, दोषदायित्व कालावधी एवढे त्यावर असायला हवे. फलक नसेल तर तेही लिहून ठेवा, कारण फलकाचा खर्च बऱ्याच अंदाजपत्रकांत धरलेला असतो. मग ते काम कोणी केले ते शोधा. गावातला रस्ता ग्रामपंचायतीचा असतोच असे नाही. तो जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाचा असू शकतो, सार्वजनिक बांधकाम विभागाचा असू शकतो, किंवा आमदार निधीतून वेगळ्याच यंत्रणेने केलेला असू शकतो. ज्या कार्यालयाने बिल काढले, तिथेच त्या कामाची नस्ती, म्हणजे फाइल, असते. ग्रामपंचायतीच्या वित्त आयोगाच्या निधीतून काम झाले असेल, तर ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावर कोणत्या तारखेला किती रक्कम दिली ते घरबसल्या दिसते. मोठ्या कामांच्या निविदा महाटेंडर्स या संकेतस्थळावर असतात.

आता नस्तीत काय असते ते पाहू. आधी ग्रामसभेच्या किंवा मासिक सभेच्या ठरावात किंवा विकास आराखड्यात त्या कामाचे नाव येते. मग अभियंता शासनाच्या दरसूचीनुसार अंदाजपत्रक तयार करतो. त्यात खोदाई किती, मुरूम किती, खडीचा थर किती, काँक्रीट कोणत्या प्रतीचे आणि किती घनमीटर, हे बाबनिहाय लिहिलेले असते. पैसे खर्च करायला परवानगी म्हणजे प्रशासकीय मान्यता आणि अंदाजपत्रक बरोबर असल्याची अभियंत्याची ग्वाही म्हणजे तांत्रिक मान्यता. या दोन्हींनंतर निविदा किंवा दरपत्रके, मग कार्यारंभ आदेश, मग प्रत्यक्ष काम, मोजमाप, देयक आणि शेवटी काम पूर्ण झाल्याचा दाखला. हा क्रम पाठ करून ठेवा. गडबड असते तिथे बहुतेक वेळा हा क्रमच उलटलेला सापडतो. काम आधी झालेले असते आणि मान्यता नंतर ‘बसवलेली’ असते.

या सगळ्यांत महत्त्वाचा कागद म्हणजे मोजमाप पुस्तिका, आणि बाहेरच्या माणसाला नेमका तोच ठाऊक नसतो. खात्यात तिला सगळे ‘एमबी’ म्हणतात. कनिष्ठ किंवा शाखा अभियंत्याने जागेवर जाऊन लांबी, रुंदी, जाडी मोजायची, ती तारखेसह पुस्तिकेत लिहायची आणि सही करायची. वरच्या अभियंत्याने त्यातली काही मापे स्वतः जागेवर तपासून आपली सही करायची. पाने आधीच क्रमांक घातलेली असतात. खाडाखोड केली तर तिच्यावर सही लागते. ठेकेदाराला मिळणारा प्रत्येक रुपया या पुस्तिकेतल्या नोंदीतून निघतो, म्हणून ही नोंद खोटी असेल तर त्यापुढचे सगळेच खोटे. अंदाजपत्रकाची प्रत मिळवून समाधान मानणारे पुष्कळ अर्जदार मी पाहिले आहेत. अंदाजपत्रक म्हणजे काय करायचे ठरले होते. काय केल्याचे पैसे दिले, ते एमबी सांगते. तुम्हाला हवी ती एमबी.

एमबी हातात आली की आधी तारखा वाचा. कार्यारंभ आदेशाच्या आधीचे मोजमाप नाही ना? ज्या आठवड्यात गावात धुवाधार पाऊस होता, त्या आठवड्यात काँक्रीट टाकल्याची नोंद नाही ना? मार्चअखेरच्या दोन-चार दिवसांत एकाच अभियंत्याने लांबलांबच्या गावांतली बरीच कामे मोजलेली दिसतात का? निधी परत जाऊ नये म्हणून मार्चमध्ये बिलांची घाई होते हे खरे. अपुऱ्या कामाला पुरे मोजमाप लागण्याची शक्यता त्याच दिवसांत सर्वांत जास्त असते.

मग आकडे पाहा. हे गणित सातवीतल्या मुलाला जमेल असे आहे. १०० मीटर लांब, ३ मीटर रुंद आणि १५ सेंटिमीटर जाड रस्त्याला ४५ घनमीटर काँक्रीट लागते. जाडी ११ सेंटिमीटरच असेल तर ३३ घनमीटर. मधले १२ घनमीटर कागदावरच राहिले. एम-२० प्रतीच्या एक घनमीटर काँक्रीटला साधारण आठ पोती सिमेंट लागते, म्हणजे जवळजवळ शंभर पोती सिमेंट आणि त्यासोबतची खडी-वाळू जागेवर आलीच नाही. १२ घनमीटरला अंदाजपत्रकातल्या दराने गुणा, की रुपयांतली तफावत मिळाली. हा दर त्यांच्याच कागदातला घ्या, बाजारात विचारून आणलेला नको, म्हणजे कोणाला त्यावर वाद घालता येणार नाही.

मोजताना मात्र घाई करू नका. रस्ता स्वतः खोदू नका, तो गुन्हा ठरेल. रस्त्याच्या दोन्ही टोकांना, सांध्यांपाशी, नळजोडणीसाठी कापलेल्या जागी जाडी उघडी दिसते, तिथे मोजा. पाच-सहा ठिकाणी मोजा, टेपवरचा आकडा स्वच्छ दिसेल असा फोटो काढा, आणि तारीख, वेळ, जागा लिहून हजर असलेल्या दोन-तीन गावकऱ्यांच्या सह्या घ्या. काँक्रीटखालचा मुरमाचा किंवा खडीचा थर काँक्रीटच्या जाडीत धरू नका, त्याची बाब अंदाजपत्रकात वेगळी असते. आमच्या गावात पहिल्यांदा मोजले तेव्हा आम्ही फक्त कडेची जाडी घेतली, ती कमी भरली आणि आम्ही लगेच अर्ज दिला. अभियंता आला. त्याने मध्यभागी कापलेल्या जागी टेप लावून दाखवली, तिथे माप पुरते भरत होते. आम्ही अर्ज मागे घेतला आणि त्याला तसे लेखी दिले. पुढच्याच वर्षी दुसऱ्या एका रस्त्याच्या बिलात दोन्ही बाजूंच्या मुरमाच्या साइडपट्ट्यांचे पैसे होते आणि जागेवर मुरमाचा खडाही नव्हता. या वेळी आम्ही नकाशावर खुणा करून, एमबीच्या पानाची प्रत जोडून अर्ज दिला. तीन आठवड्यांत मुरमाचे ट्रॅक्टर आले. पहिला अर्ज प्रामाणिकपणे मागे घेतला होता म्हणून दुसरा गांभीर्याने वाचला गेला, असे माझे ठाम मत आहे.

कागद आणि जागा एकमेकांशी ताडून पाहण्याची ही रीत आपल्या देशात राजस्थानातल्या शेतमजुरांनी रूढ केली. मजदूर किसान शक्ती संघटनेने २ डिसेंबर १९९४ रोजी पाली जिल्ह्यातल्या कोट किराना गावात पहिली जनसुनावणी घेतली. तिथे भर भाषणांवर नव्हता. पंचायतीच्या कामांचे हजेरीपट आणि बिले मोठ्याने वाचून दाखवायची, आणि ज्यांची नावे त्यात होती त्यांनीच उठून सांगायचे की ही मजुरी मिळाली की नाही, हे काम झाले की नाही. पुढे १९९६ मध्ये ब्यावरला चाळीस दिवसांचे धरणे झाले. तिथून उठलेली सरकारी कागद पाहण्याच्या हक्काची मागणी २००५ च्या माहिती अधिकार कायद्यापर्यंत पोचली. महाराष्ट्रात अण्णा हजारे यांच्या आंदोलनामुळे राज्याचा स्वतंत्र कायदा त्याआधीच आला होता. ज्यांना धड सहीसुद्धा करता येत नव्हती अशा माणसांनी हिशेबाचे कागद उघडायला लावले, हे अर्ज लिहिताना हात अडखळला तर जरूर आठवावे.

नस्ती पाहायची कशी? सर्वांत सोपी वाट फार थोड्यांना माहीत आहे. राज्य शासनाच्या २६ नोव्हेंबर २०१८ च्या परिपत्रकानुसार जिल्हास्तरीय कार्यालयांत आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहण्याची मुभा आहे. पुणे महापालिकेत ही पद्धत त्याच्याही आधीपासून होती. परिपत्रकाची प्रत सोबत ठेवा, कारण टेबलावरच्या कारकुनाला ते माहीत असेलच असे नाही.

तिथे काम झाले नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. महाराष्ट्रात तो ठरलेल्या नमुन्यात, एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत लिहावा लागतो. शुल्क १० रुपये, कोर्ट फी स्टॅम्प लावला तरी चालतो. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क नाही. माहिती कशासाठी हवी ते सांगण्याची गरज नाही, आणि कोणी तोंडी विचारले तरी सांगू नका. ‘हा रस्ता निकृष्ट का झाला?’ असले प्रश्न अर्जात लिहू नका. कायद्याने मिळते ती कागदावर असलेली माहिती. ‘का’चे उत्तर कागदावर नसेल तर अधिकारी ते द्यायला बांधील नाही, आणि अर्जाची तिथेच बोळवण होते.

अर्जाचा मजकूर साधारण असा असावा: ‘मौजे अमुक येथील शाळा ते मारुती मंदिर काँक्रीट रस्ता, सन अमुक, या कामाच्या संपूर्ण नस्तीचे अवलोकन करू द्यावे. त्यात अंदाजपत्रक, प्रशासकीय व तांत्रिक मान्यता, निविदेचा तुलनात्मक तक्ता, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेतील संबंधित पाने, सर्व देयके, गुणवत्ता चाचणीचे अहवाल आणि गौण खनिजाच्या स्वामित्वधनाच्या पावत्या असाव्यात. अवलोकनानंतर मी निवडलेल्या पानांच्या प्रमाणित प्रती द्याव्यात.’ यातला ‘अवलोकन’ हा शब्द सोडू नका. नस्ती समोर बसून पाहिली की कोणती पाने खरोखर कामाची आहेत ते कळते. प्रतीला पानामागे २ रुपये पडतात, तेही वाचतात. शेवटच्या पावत्यांबद्दल एक शब्द सांगतो. खडी, मुरूम, वाळू उचलताना सरकारला स्वामित्वधन भरावे लागते. बिलात ४५ घनमीटर काँक्रीट असेल आणि पावत्या निम्म्याच खडी-वाळूच्या असतील, तर कुठेतरी पाणी मुरते आहे.

काम अजून चालू असेल तर आणखी एक हक्क आहे. कायद्याच्या कलम २(ञ) मध्ये चालू कामाची पाहणी करण्याचा आणि वापरल्या जाणाऱ्या साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचा हक्क स्पष्ट दिला आहे. ओल्या काँक्रीटचे ठोकळे भरून ते ७ आणि २८ दिवसांनी प्रयोगशाळेत दाबून पाहतात. ठोकळे आपल्यासमोर भरा आणि अहवालाची प्रत द्या, असे काम चालू असतानाच लेखी मागा. काँक्रीट वाळल्यावर भांडण्यापेक्षा हे कितीतरी सोपे.

अर्ज मिळाल्यापासून ३० दिवसांत उत्तर यायला हवे. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला असेल तर त्यांनीच तो पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो. ‘हे आमच्याकडे येत नाही’ असे सांगून अर्ज परत करता येत नाही. मुदत उलटली तर माहिती मोफत द्यावी लागते. ‘त्रयस्थ पक्षाची माहिती’ हे नकाराचे नेहमीचे कारण. त्यावर पहिल्या अपिलात सरळ लिहा की ज्या कामाचे बिल सरकारी निधीतून निघाले, त्याचे मोजमाप हे ठेकेदाराचे खासगी गुपित होऊ शकत नाही. पहिले अपील ३० दिवसांच्या आत त्याच कार्यालयातल्या वरिष्ठांकडे करायचे, शुल्क २० रुपये. तिथेही तोंडाला पाने पुसली गेली तर ९० दिवसांच्या आत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे अपील. आयोग दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० रुपये दंड करू शकतो. पण आयोगाकडे अपिलांचा ढीग आहे आणि सुनावणीला फार दिवस लागतात, म्हणून पहिल्या अपिलाच्या सुनावणीला स्वतः जा. माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त कागद त्या टेबलावरच हाती आले आहेत.

वस्तूंची खरेदी असेल तर टेपऐवजी नोंदवही लागते. पथदिवे, शाळेचे बाक, जंतुनाशक, संगणक, कचऱ्याचे डबे यांसाठी साठा नोंदवही मागा आणि वस्तू मोजा. बिलात ऐंशी दिवे असतील तर रात्री गावात फिरून दिवे मोजायला अर्धा तास लागतो. एका ठरावीक रकमेपर्यंत नुसत्या दरपत्रकांवर खरेदी करता येते, त्यापुढे ई-निविदा लागते. ही मर्यादा शासन निर्णयाने बदलत असते, म्हणून त्या वर्षी कोणती लागू होती ते विचारून घ्या. मग एकाच आठवड्यात, एकाच दुकानदाराकडून, मर्यादेच्या जरा खाली अशी दोन-तीन बिले आहेत का ते पाहा. याला खरेदीचे तुकडे पाडणे म्हणतात आणि नियमाने ते करता येत नाही. तिन्ही दरपत्रकांवर एकच पत्ता, एकच हस्ताक्षर, एकच शुद्धलेखनाची चूक दिसली तर त्या तिघांत स्पर्धा नव्हतीच. शासनाच्या जेम या खरेदी पोर्टलवर तीच वस्तू काय भावाने मिळते ते पाहून ठेवा. तुलना करताना मात्र वस्तू अगदी त्याच वर्णनाची घ्या, नाहीतर तुमचा मुद्दा एका वाक्यात खोडला जाईल.

हाती आलेले कागद घेऊन सर्वांत आधी ग्रामसभेत जा, वर्तमानपत्राकडे नंतर. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमानुसार वार्षिक हिशेब, मागची लेखापरीक्षण टिप्पणी आणि तिला दिलेली उत्तरे ग्रामसभेपुढे ठेवावी लागतात. ही टिप्पणी स्थानिक निधी लेखापरीक्षण विभागाची असते आणि तिच्यात आक्षेप घेतलेल्या व वसूलपात्र रकमा स्पष्ट लिहिलेल्या असतात. म्हणजे तुम्ही शोधायच्या आधीच एका सरकारी माणसाने चूक दाखवून ठेवलेली असते, ती मोठ्याने वाचणारा कोणी नसतो. ग्रामसभेच्या किमान आठ दिवस आधी सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्याला लेखी कळवा की टिप्पणी वाचण्याचा विषय घ्यावा. गणपूर्तीला मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी कमी असेल तेवढी माणसे लागतात. ती जमवण्यासाठी घरोघर जा, महिला बचत गटांना आवर्जून सांगा. सभेत आरोप करू नका, फक्त प्रश्न विचारा, आणि प्रश्न व उत्तर दोन्ही इतिवृत्तात लिहून घेतल्याशिवाय उठू नका. शहरात ग्रामसभा नसते. तिथे क्षेत्रीय कार्यालय, प्रभाग समिती आणि तुमचे नगरसेवक हीच दारे.

एकट्याच्या प्रश्नाने काय होणार, असे वाटेल. १८८० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्याला येणार होते आणि त्यांच्या स्वागतासाठी नगरपालिकेने एक हजार रुपये खर्च करायचे ठरवले. बत्तीस सभासदांत एकट्या जोतीराव फुले यांनी विरोधात मत दिले. तो पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्च करा, असे त्यांचे म्हणणे होते. ठराव मंजूर झाला. पण आज त्या सभेतले एकच मत लोकांना माहीत आहे.

वरच्या पातळीवरचे अहवालही वाचत जा. भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक राज्याच्या खर्चावर अहवाल देतात, तो विधिमंडळात मांडला जातो आणि लोकलेखा समिती त्यावर अधिकाऱ्यांना बोलावून विचारते. २०२० मध्ये मांडलेल्या अहवालात जलयुक्त शिवार योजनेवर ९,६३३.७५ कोटी रुपये खर्चूनही भूजल पातळी वाढवण्यात फारसे यश आले नाही, असा निष्कर्ष होता. हे अहवाल मोफत उपलब्ध असतात. तुमच्या जिल्ह्याचे नाव त्यात शोधा.

ग्रामसभेत उत्तर मिळाले नाही तर गटविकास अधिकारी आणि जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी यांना लेखी द्या. जिल्हाधिकारी कार्यालयात महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो, तिथेही जाता येते. त्यापुढे लोकायुक्त आहेत. लोकायुक्तांचा कायदा महाराष्ट्राने १९७१ मध्येच केला आहे. कोणी लाच मागितली तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक आहे, आधी तिथे फोन करा.

आणि हे एकट्याने करू नका. तळेगाव दाभाडेचे माहिती अधिकार कार्यकर्ते सतीश शेट्टी यांची १३ जानेवारी २०१० रोजी भररस्त्यात हत्या झाली. गावातल्या एका रस्त्याच्या हिशेबात एवढा धोका सहसा नसतो, पण जमीन, वाळू आणि मोठे ठेके आले की असतो. पाच-सात जणांनी मिळून, वेगवेगळ्या नावांनी अर्ज करा. कागदांच्या प्रती दोन-तीन घरी ठेवा. मिळालेली माहिती लगेच सगळ्यांना दाखवा, कारण जी गोष्ट सगळ्या गावाला माहीत आहे ती दडपायला एका माणसाला धमकावून उपयोग होत नाही. ठेकेदाराकडून ‘मिटवून घेण्याचा’ निरोप आला तर त्याच दिवशी गटात सांगा. माहिती अधिकाराच्या नावावर पैसे उकळणाऱ्यांनी या हक्काचे फार नुकसान केले आहे, त्यांच्यात आपले नाव जाता कामा नये.

शेवटी त्या फलकावरच्या एका ओळीकडे पुन्हा या: दोषदायित्व कालावधी. या काळात रस्ता उखडला, गटार खचले, छत गळले, तर ठेकेदाराने ते स्वतःच्या पैशाने दुरुस्त करून द्यायचे असते आणि त्यासाठी त्याची अनामत रक्कम कार्यालयाकडे अडकलेली असते. ती रक्कम परत देण्याची तारीख नस्तीत असते. ती तारीख वहीत लिहून ठेवा आणि दुरुस्तीचा लेखी अर्ज, फोटोंसह, तिच्या आत द्या. त्या तारखेनंतर तोच खड्डा नव्या अंदाजपत्रकात जातो आणि त्याचे बिल आपल्या घरपट्टीतून निघते.